जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरच्या चोकची जुळणी: सरकलेली केबल आणि वाकलेली सळई जागेवर कशी आणावी

निफाड, दिंडोरी, ओझर, पिंपळगाव या पट्ट्यातील द्राक्षबागांत आज फिरणारे जवळजवळ सगळे ट्रॅक्टर डिझेलचे आहेत, आणि डिझेल इंजिनाला कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) नसतो, त्यामुळे चोकही नसतो. अशा ट्रॅक्टरवर डॅशबोर्डजवळ ओढायची जी मूठ दिसते ती इंजिन बंद करण्याची असते. हे मार्गदर्शन त्या मोजक्या घरांसाठी आहे, जिथे वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेला पेट्रोलवर अथवा पेट्रोल-रॉकेलवर चालणारा ट्रॅक्टर अजून शेडमध्ये जपून ठेवलेला आहे आणि दसऱ्याच्या पूजेला तरी तो स्वतःच्या चाकांवर अंगणात यावा अशी इच्छा आहे. इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला राखाडी फर्ग्युसन टीई-२०, अमेरिकेतील १९४७ ते १९५२ या काळातील फोर्ड ८एन, किंवा फोर्डसन मेजरचे जुने रॉकेलचे मॉडेल ही अशा ट्रॅक्टरांची ठळक उदाहरणे होत. मात्र केवळ नावावर जाऊ नये. फर्ग्युसनच्या याच मालिकेत टीईएफ-२० हे डिझेल मॉडेलही होते, म्हणून इंजिनावर स्पार्क प्लग आणि कार्बोरेटर आहे की नाही हे आधी डोळ्यांनी पाहावे.

चोकचे काम मुळात साधे आहे. कार्बोरेटरच्या हवा आत घेणाऱ्या तोंडात एक गोलसर पत्री स्पिंडलवर, म्हणजे फिरणाऱ्या बारीक दांड्यावर, बसवलेली असते. मूठ ओढली की पत्री आडवी होऊन हवेची वाट अडवते, त्यामुळे इंजिनाच्या ओढीने पेट्रोल जास्त प्रमाणात वर येते आणि थंड इंजिन पेटते. मूठ आत ढकलली की पत्री हवेच्या प्रवाहाला समांतर होऊन वाट पूर्ण मोकळी झाली पाहिजे. मूठ आणि पत्री यांच्यामध्ये जी केबल किंवा सळई, तार धरणारा चिमटा, स्पिंडल फिरवणारा आर्म आणि पिना असतात, त्यांपैकी एखादी सरकली, वाकली किंवा झिजली की मूठ एक सांगते आणि पत्री दुसरेच करते.

माझ्या मते या दुरुस्तीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की जुळणी नेहमी उघड्या टोकाकडून करावी. बहुतेक ठिकाणी मूठ पूर्ण ओढून, पत्री बंद करून, त्या स्थितीत तार आवळली जाते, कारण त्या वेळी ट्रॅक्टर सुरू होत नाही हीच तक्रार डोळ्यांसमोर असते. परंतु चोक बंद लागतो तो सकाळी मिनिटभर, आणि उघडा लागतो तो पुढे तासन्‌तास. पत्री पूर्ण बंद होत नसेल तर इंजिन सुरू करताना त्रास होईल, एवढेच. पत्री पूर्ण उघडत नसेल तर मात्र इंजिन दिवसभर जास्त पेट्रोल पिईल, प्लगवर काजळी धरेल आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन खाली ऑइल चेंबरमध्ये उतरेल. तेल पातळ झाले की बेअरिंगचे नुकसान होते, आणि जुन्या इंजिनाचे बेअरिंग मिळवणे हे चोकची केबल मिळवण्याइतके सोपे नाही.

दोष खरोखर चोकमध्येच आहे का

सकाळी इंजिन वारंवार फिरवूनही पेटत नाही, पण कार्बोरेटरवरचा आर्म बोटाने दाबून धरला की लगेच पेटते, असे होत असेल तर पत्री पूर्ण बंद होत नाही असे समजावे. उलट, इंजिन पेटते पण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून काळा धूर येत राहतो, पेट्रोलचा वास येतो, आणि प्लग काढून पाहिल्यास त्यावर कोरडी काळी काजळी दिसते, तर पत्री अर्धवट बंद राहत असण्याची शक्यता मोठी आहे. निरोगी इंजिनाच्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असते.

याच खुणा दुसऱ्या कारणांनीही दिसू शकतात, हे लक्षात ठेवावे. ऑइल बाथ एअर क्लीनरच्या (तेलात धूळ अडवणाऱ्या हवा-गाळणीच्या) वाटीत खुणेपेक्षा जास्त तेल भरलेले असेल, किंवा तिच्यात मातीचा गाळ साचला असेल, तरी हवा अडते आणि काळा धूर येतो. कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोलची पातळी राखणारी फ्लोटची सुई गळत असेल तरी तेच होते. म्हणून एअर क्लीनरपासून येणारा पाइप कार्बोरेटरपाशी सोडवून, लहान आरसा आणि बॅटरीच्या उजेडात पत्री प्रत्यक्ष पाहावी. एकाने सीटजवळून मूठ पूर्ण ओढावी आणि पूर्ण ढकलावी, दुसऱ्याने पत्री कुठपर्यंत जाते ते पाहावे. या एका पाहणीत अर्ध्याहून अधिक उत्तर मिळते. मूठ पूर्ण आत असताना पत्री थोडी जरी तिरपी दिसली तर पुढील काम करणे आवश्यक आहे.

कामापूर्वीची काळजी

इंजिन पूर्ण थंड झालेले असावे. या ट्रॅक्टरांत कार्बोरेटर तापलेल्या मॅनिफोल्डच्या जवळ, त्याच्या खाली बसवलेला असतो, आणि सांडलेले पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडले तर पेट घेते. काम शेडच्या बाहेर, मोकळ्या हवेत करावे. टाकीखालचा कॉक बंद करावा आणि बॅटरीची बॉडीला जोडलेली तार आधी काढावी. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो: ८एन मध्ये आणि अनेक टीई-२० ट्रॅक्टरांत मूळ रचनेप्रमाणे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, आजच्या गाड्यांसारखे ऋण टोक नव्हे. तेव्हा रंगावर किंवा सवयीवर न जाता कोणती तार चासिसला गेली आहे ते पाहूनच ती सोडवावी. टीई-२० मध्ये गिअरची दांडी ‘एस’ या खुणेवर नेली की स्टार्टर फिरतो, त्यामुळे ट्रॅक्टरभोवती मुले खेळत असतील तर बॅटरी सोडवल्याशिवाय कार्बोरेटरजवळ हात घालू नये.

त्यानंतर कार्बोरेटरचा बाहेरचा भाग, आर्म आणि केबलची टोके रॉकेल आणि जुन्या ब्रशने स्वच्छ करावीत. आपल्याकडे मार्च ते मे या काळात नांगरटीची बारीक धूळ ग्रीसमध्ये बसून घट्ट होते, आणि पुष्कळदा जुळणी बिघडलेली नसून धुळीचा हा थरच आर्मला शेवटपर्यंत जाऊ देत नसतो. स्वच्छता झाल्यावर, काहीही सोडवण्याआधी, मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि आर्म स्पिंडलवर ज्या स्थितीत बसला आहे तिथे टोकदार सुईने एक रेघ ओढून ठेवावी.

दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवणे

आता चिमट्याचा स्क्रू ढिला करून, किंवा सळई असल्यास स्प्लिट पिन काढून, केबल वा सळई कार्बोरेटरच्या आर्मपासून वेगळी करावी. मग आर्म हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावा. तो हलक्या हाताने, कुठेही न अडखळता, पत्री पूर्ण उघडी होईपर्यंत आणि पूर्ण बंद होईपर्यंत फिरत असेल तर कार्बोरेटरची बाजू निर्दोष आहे आणि दोष केबलच्या बाजूला आहे. तो जड फिरत असेल, किंवा आर्म फिरतो पण पत्री मागे राहते असे दिसत असेल, तर केबल कितीही जुळवली तरी उपयोग नाही, आधी स्पिंडल दुरुस्त करावा लागेल. ही विभागणी न करता थेट सळई वाकवायला घेणे ही या कामातील सर्वांत महागडी घाई आहे. एका वाकवलेल्या सळईने दुसरा दोष झाकला जातो, आणि पुढच्या मिस्त्रीला मूळ मापच सापडत नाही.

कार्बोरेटरची बाजू

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा स्पिंडल गंजाने धरलेला असतो. त्यावर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी आर्म अगदी थोडा थोडा पुढे-मागे हलवावा. पक्कडीने जोर लावू नये. आर्म पितळी किंवा पातळ पत्र्याचा असतो आणि तो स्पिंडलवर घसरला की त्याची मूळ जागा जाते. स्पिंडल मोकळा झाल्यावर त्यावर पातळ तेलाचा एखादा थेंब पुरे. जाड ग्रीस लावल्यास तेच पुन्हा धूळ धरते.

स्पिंडल दोन्ही बाजूंनी पकडून वर-खाली हलवून पाहावा. डोळ्यांना दिसेल इतकी ढिलाई असेल तर ती गंभीरपणे घ्यावी, आणि त्याचे कारण केवळ मिश्रण बिघडते एवढेच नाही. चोकचा स्पिंडल एअर क्लीनरच्या पुढे, म्हणजे गाळलेल्या हवेच्या वाटेत असतो. तिथल्या फटीतून आत येणारी हवा गाळलेली नसते. कांद्याच्या वावरातली धूळ त्या फटीतून सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासते. अशा वेळी कार्बोरेटर उतरवून, अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडून स्पिंडलच्या मापाचे पितळी बूश करून घ्यावेत. बूश बसवल्यावर दोन्ही भोके एका रेषेत रीमरने फिरवून घेतली पाहिजेत, नाहीतर नवा स्पिंडलही अडकतो. हे काम सांगताना जुना स्पिंडल आणि पत्री दोन्ही सोबत न्यावीत, माप केवळ तोंडी सांगू नये.

पत्री ढिली झाली असेल किंवा तिरपी बसली असेल तर ती काढून पुन्हा बसवावी लागते, आणि या ठिकाणी सावकाशपणा हवा. पत्रीचे छोटे स्क्रू कारखान्यात बसवल्यावर मागच्या बाजूने ठोकून पसरवलेले असतात, म्हणजे ते आपोआप सुटू नयेत. ते तसेच उलटे फिरवले तर मोडतात किंवा स्पिंडलमधले आटे खराब करतात. आधी पसरलेले टोक बारीक कानशीने घासून काढावे, मगच स्क्रू सोडवावा. पत्री काढण्यापूर्वी तिची बाहेरची बाजू आणि वरचा भाग खुणेने नोंदवावा, कारण पत्री नेमकी गोल नसते. ती थोड्या कोनात बंद होण्यासाठी तिच्या कडा दोन बाजूंना वेगवेगळ्या उताराने घासलेल्या असतात, आणि उलटी बसवली तर एका बाजूला फट राहते व दुसऱ्या बाजूला ती भिंतीत रुतते. काही पत्र्यांवर स्प्रिंगची लहान झडप किंवा एखादे भोक असते. इंजिन पेटताच थोडी हवा आत यावी म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असते, ते बुजवू नये.

पत्री परत बसवताना नवे स्क्रू अर्धवट आवळावेत, पत्री बंद करून बोटाने हलकेच दाबावी, म्हणजे ती आपली जागा स्वतः शोधते. मग कार्बोरेटर उजेडासमोर धरून भोवतीची प्रकाशाची रेघ सगळीकडे सारखी दिसते का ते पाहावे आणि त्याच स्थितीत स्क्रू घट्ट करावेत. शेवटी स्क्रूची टोके पुन्हा हलके ठोकून पसरवावीत किंवा आट्यांना थ्रेड लॉकरचा थेंब लावावा. हवेच्या वाटेत सुटलेला स्क्रू पुढे इंजिनातच जाण्याचा धोका असतो.

आर्म स्पिंडलवर फिरला असेल तर पत्री हवेला समांतर ठेवून आर्म उघड्या बाजूच्या टेकूला (त्याची हालचाल थांबवणाऱ्या भागाला) टेकेल अशा स्थितीत आवळावा, आणि नंतर बंद करून पत्रीही पूर्ण बसते का ते पाहावे.

केबल आणि सळईची बाजू

येथे सर्वाधिक दोष आढळतात, आणि त्यांतील पहिला म्हणजे चुकीची तार. चोकच्या मूळ केबलमध्ये एकसंध, ताठ पोलादी तार असते, कारण तिला मूठ ओढल्यावर ओढावे लागते आणि मूठ आत नेल्यावर ढकलावेही लागते. ती तुटली की आपल्याकडे स्कूटर किंवा मोटारसायकलची पिळाची केबल टाकली जाते. ती ओढण्यासाठी उत्तम आहे, पण ढकलता येत नाही, वाकून फुगते. परिणामी मूठ आत जाते आणि पत्री अर्धी बंदच राहते. पिळाचीच केबल वापरायची असेल तर आर्मवर पत्री उघडी ठेवणारी परतीची स्प्रिंग बसवणे अनिवार्य आहे. शक्य असेल तर ताठ तारेची केबलच मिळवावी.

दुसरा दोष बाहेरच्या आवरणाचा. केबल काम करते ती आवरण स्थिर असल्यामुळे. आवरणाला धरणारी पट्टी ढिली असेल तर मूठ ओढल्यावर तारेऐवजी आवरणच सरकते. मूठ ओढताना कार्बोरेटरजवळच्या पट्टीवर नजर ठेवली की हे लगेच कळते. पट्टी वाकलेली असेल तर ती काढून वाइसमध्ये सरळ करावी, जागेवर पक्कडीने पिळू नये. केबलची वळणे मोठी आणि सैल असावीत, ती एक्झॉस्टला टेकू नये, आणि टाकीखालून जाताना स्टिअरिंग वा थ्रॉटलच्या दांड्याला घासू नये.

तिसरी बाब मापाची आहे, आणि नवी मूठ किंवा बाजारातली केबल बसवताना हीच सर्वांत जास्त चुकते. स्पिंडलच्या मध्यापासून तार अडकते त्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. पत्री सुमारे ९० अंश फिरत असेल तर तारेला त्या अंतराच्या जवळजवळ १.४ पट सरकावे लागते. म्हणजे आर्म २५ मिलिमीटरचा असेल तर सुमारे ३५ मिलिमीटर, आणि २० मिलिमीटरचा असेल तर सुमारे २८ मिलिमीटर. मुठीची पूर्ण ओढ याहून कमी असेल तर कितीही जुळवले तरी एक टोक अपुरेच राहणार. आर्मला दोन भोके असतील तर अशा वेळी स्पिंडलजवळचे भोक वापरावे. याखेरीज पत्री अर्धी उघडी असताना तार आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन दिसला पाहिजे. तसा नसेल तर एका टोकाला मूठ फार जड आणि दुसऱ्या टोकाला निष्प्रभ होते, आणि त्यावर उपाय आवरणाची पट्टी सरकवणे हा आहे, तार वाकवणे हा नाही.

केबलऐवजी सळई असेल तर ती सपाट फरशीवर गडगडवून वाकली आहे का ते पाहावे. टोकाच्या आकड्याने आर्मचे भोक लांबट झाले असेल तर ते भरून नव्याने छिद्र पाडावे किंवा थोडी जाड पिन बसवावी. वॉशर आणि स्प्लिट पिन नव्या घालाव्यात, बांधणीच्या तारेवर काम भागवू नये.

प्रत्यक्ष जुळणी

मूठ पूर्ण आत ढकलावी आणि मग २ ते ३ मिलिमीटर बाहेर घ्यावी. कार्बोरेटरवरचा आर्म हाताने पूर्ण उघड्या टोकाला नेऊन तिथेच धरून ठेवावा. तार चिमट्यातून सरळ ओवून, तिला ताण न देता आणि फुगवटाही न ठेवता, स्क्रू आवळावा. आता मूठ पूर्ण आत नेली की ती थोडी जागा शिल्लक असल्यामुळे आर्म आपल्या टेकूवर निश्चित टेकतो. मूठ पूर्ण ओढून पत्री बंद होते का ते आरशात पाहावे. पत्री किंचित अपुरी बंद होत असेल तर वरील माप आणि काटकोन पुन्हा तपासावा, पण उघड्या टोकाकडची ती २-३ मिलिमीटरची जागा संपवून बंद टोक मिळवू नये. चिमट्याबाहेर तारेचे सुमारे १० मिलिमीटर टोक ठेवून बाकीचे कापावे, आणि हे टोक पूर्ण प्रवासात कशालाही अडत नाही याची खात्री करावी.

काही कार्बोरेटरांत चोक बंद करताना थ्रॉटल किंचित उघडणारी एक बारीक जोडसळई असते. चोक बंद असताना थ्रॉटल थोडे उघडते आणि चोक पूर्ण उघडा असताना जोडसळईचा थ्रॉटलवर अजिबात दाब राहत नाही, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. तसे नसेल तर इंजिनाचा मंद वेग वाढलेला राहतो आणि मग आयडलचा स्क्रू विनाकारण फिरवला जातो.

चाचणी

हवेचा पाइप परत घट्ट बसवून, गळती नाही हे पाहून, बॅटरी जोडावी. चाचणी थंड इंजिनावरच घ्यावी, आणि शक्यतो भल्या सकाळी. हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमान पुष्कळदा निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले जाते, त्यामुळे आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीची पहाट ही चोकची खरी परीक्षा असते. मूठ पूर्ण ओढून, थ्रॉटल साधारण पाव उघडून स्टार्टर फिरवावा. इंजिनाने पेट घेताच मूठ अर्धी आत न्यावी आणि ते स्थिर चालू लागले की पूर्ण आत ढकलावी. गरम इंजिन सुरू करताना चोक ओढू नये.

इंजिन दोन-तीन प्रयत्नांत पेटले नाही आणि कार्बोरेटरच्या खालच्या बाजूने पेट्रोल ठिबकू लागले तर थांबावे. या ट्रॅक्टरांचे कार्बोरेटर खालून वर मिश्रण देणारे असल्यामुळे जास्तीचे पेट्रोल खाली गळते. ते वाळू द्यावे, पुसून घ्यावे, मगच पुन्हा प्रयत्न करावा. चोक चालत नाही म्हणून इंजिन फिरत असताना हवेच्या तोंडावर हात किंवा फडके धरण्याची पद्धत आजही पाहायला मिळते. इंजिनाने उलट पेट घेतला तर ज्वाला त्याच तोंडातून बाहेर येते, त्यामुळे ही पद्धत कायमची बंद करावी.

पेट्रोल-रॉकेल ट्रॅक्टर नेहमी पेट्रोलवर सुरू करून, पुरेसा तापल्यावरच रॉकेलवर घ्यावा, आणि रॉकेलवर चालताना चोक ओढू नये, कारण न जळलेले रॉकेल तेलात उतरते आणि ते पेट्रोलसारखे सहज उडून जात नाही. बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालवावा, म्हणजे पुढच्या वेळी कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच असते.

दुरुस्तीनंतर ट्रॅक्टर तासभर कामावर चालवून प्लग काढून पाहावेत. काजळी जाऊन टोक तपकिरी होऊ लागले असेल तर जुळणी बरोबर आहे. डिपस्टिक काढून तेलाचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल, किंवा न भरताच पातळी वाढलेली दिसत असेल, तर ते तेल लगेच बदलावे, त्यावर आणखी एक दिवसही इंजिन चालवू नये. कंपनाने चिमट्याचा स्क्रू सुरुवातीला थोडा बसतो, म्हणून आठवडाभराने तो पुन्हा आवळून मूठ आत असताना आर्म टेकूवर टेकतो का ते एकदा पाहावे. ट्रॅक्टर पावसाळ्यासाठी उभा करताना चोकची मूठ आत ठेवावी, केबलच्या वरच्या टोकातून पातळ तेल सोडावे आणि कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल काढून टाकावे, कारण हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा धरते आणि वाटीच्या तळाशी साचलेले पाणी पितळी जेट खराब करते.